छातीपर्यंत पाणी

या सुट्टीत मी समुद्रात उतरायचं ठरवलं होतं आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं. घरच्यांनी ठरवलं होतं की मी आराम करायचा. हे दोन्ही बेत घेऊन आम्ही चौघं एकाच गाडीतून निघालो: मी, नवरा, बारावीतली लेक आणि अकोल्याहून आलेल्या सासूबाई.

आराम या शब्दाचा मला तोवर वीट आला होता. वर्षभरापूर्वी माझा डावा स्तन काढला. मग केमो, मग रेडिएशन, मग गोळ्या. उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, डोक्यावर केस आले, दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या ऑफिसात मी पुन्हा जायला लागले. घरातला आराम मात्र संपेना. पिशवी उचलली की कुणीतरी ती हातातून काढून घ्यायचं. खोकले की तिघांच्या माना माझ्याकडे वळायच्या. 'जप' हा शब्द दिवसातून इतक्यांदा कानावर पडायचा की एकदा मी चिडून म्हटलं, "मी काय लोणच्याची बरणी आहे का?" त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बरणी असती तर बरं होतं बाई. एका जागी राह्यली तरी असती."

सासूबाईंशी माझं भांडण नाही. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्या आल्या आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझ्या तोंडाची चव गेली होती तेव्हा त्यांनी वाटी-वाटीनं भरवून मला उभं केलं. पण उभं केल्यावर चालू द्यायचं असतं, हे काही त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

आणि समुद्रच का, तर त्यालाही कारण होतं. मी अकोल्याची. आमच्याकडे पाणी ही भरून ठेवायची वस्तू. नळ कधी येईल याचा नेम नाही. आला की घरातल्या बादल्या, पिंपं, पातेली, तांबेसुद्धा भरून ठेवायचे. पाण्यावर अंग टाकून पडायचं असतं, असं मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. लग्न होऊन इथं आले तर जिकडे जावं तिकडे समुद्र. पण इतक्या वर्षांत तो माझ्या नडगीच्या वर कधी आला नाही. आम्हा मराठी मंडळींची बीचवरची सहल ठरलेली. पुरुष कोळसे पेटवणार, पोरं पाण्यात धुमाकूळ घालणार, बायका सलवारी दुमडून फोटोपुरत्या लाटेत उभ्या राहणार आणि चटईवर परत येणार. त्यातही एकीनं सामानापाशी बसायचं असतं. चष्मे, मोबाइल, गाड्यांच्या किल्ल्या, सगळ्यांच्या चपला तिच्याभोवती. ती एक म्हणजे कायम मी. मला कुणी बसवलं नव्हतं. पाण्याची भीती वाटते हे सांगण्यापेक्षा चपलांपाशी बसणं सोपं होतं.

रेडिएशनच्या दिवसांत हॉस्पिटलच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. अंगावर तो मागून बांधायचा गाऊन, हातात फाइल, आणि नंबर लागेपर्यंत त्या पट्टीकडे बघत बसायचं. तिथं बसून एक दिवस मी स्वतःला बजावलं, यातून बाहेर पडलीस की त्या पाण्यात जायचं. पूर्ण जायचं, काठावर नाही. हा नवस नव्हता. देवाला मी यात घेतलंच नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, खुशाल जा, जखम केव्हाच भरली आहे, खांदा मोकळा व्हायला मदतच होईल. मग एका दुकानातून पोहायचा पोशाख आणला. इथं बऱ्याच बायका घालतात तो, लांब बाह्यांचा, मांडीपर्यंत झग्यासारखा, खाली पायजमा आणि डोक्याला टोपी. आमच्या मराठी बायकांनी कपड्यांपायी समुद्र सोडून दिला आणि उपाय मात्र सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर हँगरला टांगलेला होता.

एकच अडचण राहिली होती. रोज मी ब्राच्या कप्प्यात सिलिकॉनचा एक आकार ठेवते. तो ठेवला की ऑफिसात, लिफ्टमध्ये, कुणाला काही कळत नाही. पाण्यात तो चालत नाही. म्हणजे ओलं कापड अंगाला चिकटलं की माझी एक बाजू सपाट दिसणार. तशी मला डॉक्टर-नर्सखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही. मी कपडे बदलायला लागले की तो फोन घेऊन बाहेर जायचा. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून जायचा, हे मला कळत होतं. आणि मीही दाराला आतून कडी घालत होते. मला त्याचा राग यायचा आणि स्वतःचाही यायचा, पण आम्ही दोघंही त्यावर चकार शब्द काढत नव्हतो.

अबुधाबी मागं टाकून पश्चिमेला निघालं की दोन्ही बाजूंना नुसती वाळू. इथं पुढं काय असणार, असं म्हणेपर्यंत वाळू संपते आणि निळं पाणी समोर येतं. आमचं रिसॉर्ट तिथंच होतं, दुमजली, बसकं, समोर हिरवळीचा तुकडा, त्यावर दोन-चार हरणं निवांत चरत होती. आवाज म्हणून नव्हता. फ्रंट ऑफिसला वसईचा एक मॅनेजर होता. आमचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा खुलला. "मराठी? अहो, मग सांगायचं ना!" म्हणत त्यानं आम्हाला समुद्राकडच्या खोल्या दिल्या. एक नवऱ्याला आणि मला, शेजारची सासूबाई आणि लेकीला, मधून दार.

खोलीत गेल्यावर सासूबाईंनी बॅग उघडली. त्यातून तूरडाळ, तांदूळ, मसाल्याचा डबा, लसणाच्या सोललेल्या पाकळ्या आणि विजेवर चालणारी छोटी कढई निघाली.

"आजी, देअर्स अ बुफे," लेक कपाळाला हात लावून म्हणाली.

"बुफे तुम्ही खा. हिचं पोट बिघडलं तर कोण निस्तरणार?"

त्या संध्याकाळी त्यांनी मला वाळूवरच्या आरामखुर्चीत बसवलं. अंगावर शाल, पायावर टॉवेल, हातात कोमट पाणी. समुद्र अगदी सपाट होता. लेक लांबवर पोहत गेली होती. इथल्या शाळेत शिकलेली पोरं पोहायला चालण्याइतकी सरावलेली असतात. मी बसून तिच्याकडे बघत होते आणि मग बोलून टाकलं.

"मी उद्या पाण्यात जाणार आहे."

नवरा खुर्चीत सरळ बसला. "पाय बुडवायला ना?"

"नाही. पूर्ण."

"यार, प्लीज. थंड आहे पाणी. इन्फेक्शन झालं तर? हात सुजला तर?"

"डॉक्टर हो म्हणालेत."

"डॉक्टर जनरल सांगतात. आपण रिस्क कशाला घ्यायची? नेक्स्ट इयर बघू, इन्शाल्ला. आत्ता फक्त रिलॅक्स कर ना."

"कायले पाह्यजे ते पाण्यात जाणं?" सासूबाईंनी शाल माझ्या गळ्यापर्यंत ओढली. "जीव वाचला तो देवाची किरपा समज. आता गपचिप बैस."

मी गप्प बसले, पण हार मानून नाही. माझा स्वभाव मुळात हट्टी. गप्प बसले की हट्ट आणखी मुरतो, हे माझ्या आईला माहीत होतं. सासरच्यांना अजून पुरतं उमजलेलं नाही. पुढचं वर्ष! ज्या माणसाला पुढच्या वर्षाची किंमत कळली आहे, त्यालाच हे पुढचं वर्ष ऐकवतात. मला रडू येत होतं, संतापानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आणि लेक नाश्ता करून समुद्रावर गेली. मी "मागून येते" म्हटलं. बाथरूमचं दार लावलं, पोशाख चढवला आणि आरशासमोर उभी राहिले. कोरड्या कापडातही दिसत होतं. उजवीकडे उभार, डावीकडे काही नाही. मी एकदा हात छातीवर घेतला, एकदा काढला. खांद्यावरून टॉवेल सोडून बघितला. मग वाटलं, तो सिलिकॉनचा आकार आतून कसातरी पिनेनं अडकवावा. पाण्यात निसटून तरंगत गेला तर? त्या विचारानं मला एकटीलाच हसू आलं. हसून झाल्यावर मी कमोडच्या झाकणावर बसले आणि मला कळून चुकलं की मी बाहेर जाणार नाहीये. सगळी तयारी झाली होती, कुणी अडवायला नव्हतं, आणि माझीच हिंमत होत नव्हती.

त्याच वेळी मधल्या दारापलीकडून तेलात लसूण पडल्याचा आवाज आला, मग लाल मिरचीचा ठसका. सासूबाईंनी वरणाला फोडणी घातली होती. वारा लागून मला सर्दी होऊ नये म्हणून बाल्कनीची दारं त्यांनी आधीच बंद केली होती.

आणि अलार्म वाजला. नुसता खोलीत नाही, सगळ्या इमारतीत. कान फाटेल असा भोंगा, त्यात अरबीत आणि मग इंग्रजीत एक बाई सांगतेय की ताबडतोब बाहेर पडा. मी दार उघडून धावले. सासूबाई खोलीच्या मध्यभागी दातखीळ बसल्यासारख्या उभ्या, एका हातात झारा.

"अव माय! म्या काय केलं?"

मी कढईची पिन ओढली, त्यांचा दंड धरला आणि बाहेर निघाले. गाऊन घ्यावा, टॉवेल घ्यावा, काही सुचलं नाही. जिन्यावर माणसं उतरत होती. एक गोरं जोडपं, एक अरबी कुटुंब, लहान मुलं कडेवर घेतलेल्या फिलिपिनो आया. सगळ्यांबरोबर आम्हीही हिरवळीवर जाऊन उभ्या राहिलो. हरणं केव्हाच पसार झाली होती.

तिथं, मोकळ्या उन्हात, मला माझं भान आलं. डावा हात आपोआप छातीवर गेला. लोकांनी बघितलं? बघितलं. त्या गोऱ्या बाईची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि तिनं ती घाईनं समुद्राकडे वळवली. एक लहान मुलगी टक लावून बघतच राहिली. माझे कान तापले. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या छातीवरून घट्ट गुंडाळली.

"लोकं पाहून राह्यले, पोरी," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "चुकलं माह्यं."

तेवढ्यात मॅनेजर पळत आला. वर जाऊन, बघून, खाली आला होता. भोंगा थांबला. त्यानं सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, काही नाही, खलास, ऑल क्लिअर, सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स. मग आमच्यापाशी आला.

"ओ काकू, फोडणी घातली काय रूममध्ये?"

सासूबाई रडवेल्या झाल्या. "दंड लागते का रे बाबा?"

"अहो, काय दंड! फक्त परत करू नका. मला सांगा, मी किचनमध्ये करून देतो." मग मान वर करून त्यानं मोठा श्वास घेतला. "काय वास सुटलाय पण! घरी गेल्यासारखं वाटलं." आणि माझ्याकडे, माझ्या पायजम्याकडे, डोक्यावरच्या टोपीकडे बघून, अगदी सहज म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्विमिंगला निघाला होतात ना? सॉरी, तुमचा खोळंबा झाला. पाणी एकदम मस्त आहे आज. जा तुम्ही."

त्याच्या दृष्टीनं पोहायचे कपडे घातलेली बाई पोहायला निघाली होती. यापलीकडे त्यात त्याला काही दिसलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "निघालेच आहे."

शाल काढली, नीट घडी घातली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्या घेईनात. मी त्यांच्या बोटांत ती दाबून धरवली.

"आई, मला थंडी नाही वाजत."

"लोकं..."

"पाहू द्या."

मी समुद्राकडे चालू लागले. भीड चेपली होती असं मुळीच नाही. पाठीवर सगळ्यांचे डोळे आहेत असं वाटत होतं. पण वर्षभर ज्याला घाबरत होते ते होऊन गेलं होतं. लोकांनी बघितलं होतं. आता परत खोलीत जाऊन काय वाचवायचं होतं? मागून सासूबाई येत होत्या. त्यांची चप्पल वाळूत रुतत होती आणि त्या पुटपुटत होत्या, पण त्यांनी मला हाक मारून थांबवलं नाही.

पाणी गार होतं. घोट्याला लागलं, नडगीला लागलं, मग गुडघ्याला. इतक्या वर्षांत मी इथवर आले नव्हते. इथला समुद्र उथळ. चालत राहावं तरी खोल होत नाही. पाणी कमरेला आलं तेव्हा मी तोंड वासून श्वास घेतला. थांबले नाही. छातीला आलं. उजव्या बाजूला गारवा झोंबला. डाव्या बाजूला काहीच कळलं नाही. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर झाली आहे. नुसतं पाणी चढल्याचं डोळ्यांना दिसलं.

लेकीनं मला पाहिलं आणि पोहत आली. नवराही पाणी कापत धावत आला. "अगं, तू... अलार्म कशाचा होता? आई कुठंय? चल, चल बाहेर, किती थंड आहे!" त्याची नजर खाली गेली, ओल्या कापडावर, आणि लगेच माझ्या चेहऱ्यावर परत आली.

"बघ," मी म्हटलं.

"काय?"

"बघ नीट. तोंड फिरवू नकोस. एकदा बघून घे."

लेक शेजारी उभी होती. तीही बघत होती. तिनं पाण्याखाली माझा हात धरला. नवऱ्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आता मला तरंगायला शिकव," मी लेकीला म्हटलं.

"नाऊ? लाइक, राइट नाऊ?"

"यल्ला, चल. आत्ताच."

पहिल्यांदा मी दगडासारखी बुडाले. खारं पाणी नाकातोंडात गेलं, नवऱ्यानं मला उचललं, "झालं ना, खलास, बास," म्हणाला. मी खोकत म्हटलं, "परत." दुसऱ्यांदा पाय बुडाले. परत. त्यानंतर दर वेळी मी एका अंगावर कलंडत होते आणि दर वेळी "परत" म्हणत होते. काठावर सासूबाई साडी गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभ्या होत्या आणि तिथून ओरडत होत्या, "अरे, धरा रे तिले!"

लेक मला निरखत होती. मग म्हणाली, "आई, यू आर होल्डिंग युवर लेफ्ट आर्म इन. दॅट्स व्हाय यू टिप. बोथ आर्म्स हॅव टु बी ओपन."

मी खाली पाहिलं. खरंच होतं. उजवा हात मी पसरत होते आणि डावा छातीशी घट्ट आवळून धरत होते. वर्षभर तो तसाच असायचा, ऑफिसात, झोपेत. मला पत्ताच नव्हता.

"तो पूर्ण नाही उघडायचा," नवरा घाईनं म्हणाला. "ताण पडेल."

"पडू दे. तू ये इकडे."

तो माझ्या उजव्या बाजूला होता. वर्षभर तो उजव्याच बाजूला असायचा, सोफ्यावर, पलंगावर, रस्त्यानं चालताना. "इकडे," मी म्हटलं. "डावीकडे ये."

तो आला. लेकीनं पाठीखाली आधार दिला आणि मी मागं रेलले. कानांत पाणी शिरलं, सासूबाईंचा आवाज बुडाला, वर नुसतं आभाळ उरलं. मी डावा हात सोडवायला लागले. काखेतून खाली ओढ बसली, दुखलं. नवऱ्याचा चेहरा माझ्यावर वाकला होता. त्यानं हात पुढं केला, मागं घेतला, आणि मग हळूच तळवा तिथं ठेवला, व्रणावर. मला तो दिसला म्हणून कळलं.

"कळतंय का?" त्याचे ओठ हलले.

"नाही," मी म्हटलं. "तरी ठेव."

त्यानं ठेवला. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि तो पुसत नव्हता, कारण दुसऱ्या हातानं त्यानं माझा खांदा धरला होता. मी डावा हात आणखी उघडला, आणखी, पार बाजूला, बोटांपर्यंत. कलंडले नाही.

"आता सोडा," मी दोघांना म्हटलं.

लेकीनं लगेच सोडलं. त्याला वेळ लागला.

"सोड रे," मी पुन्हा म्हटलं. "मी आहे इथं."